मदत हवी आहे : कांद्याच्या गोंड्यांवर मधमाश्या थांबत नाहीत

कांदा बीजोत्पादन, एक एकर, वाण एन-2-4-1, ठिबकवर. गोंडे (फुलांचे गुच्छ) साधारण निम्मे उमललेत. पूर्वी फुलोरी आणि आग्या या रानातल्या मधमाश्याच परागीभवन करायच्या. बांधावरची झाडं तुटली, फुलोऱ्यातही फवारण्या होऊ लागल्या आणि त्या जवळपास दिसेनाशा झाल्या. ही हानी फार मोठी आहे, कारण कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. माशी नसेल तर बी नीट भरत नाही. आधी उमललेल्या गोंड्यांची बोंडं फोडून पाहिली: सहा बियांच्या जागी एक-दोनच.

मेलिफेराच्या (पेटीत पाळायच्या युरोपीय मधमाशीच्या) आठ फ्रेमच्या दोन पेट्या दहा टक्के फुलोऱ्यावर, रात्री आणून ठेवल्या आहेत. तोंड पूर्वेला, जवळ खडे टाकलेलं पसरट पाण्याचं भांडं. राणी अंडी घालतेय, वसाहत जोमात आहे. तरी सकाळी दहा-अकराला दहा गोंड्यांवर मिळून एखाद-दुसरीच माशी. बाकी सगळ्या तीनशे मीटरवरच्या फुललेल्या धन्यावर. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त, म्हणून तो त्यांना कमी आवडतो, हे माहीत आहे. माश्या ओढायला गुळाचं पाणी फवारणं कृपया सुचवू नका. माश्या पातच चाटत बसतात.

फुलकिडेही वाढलेत. फिप्रोनिल, लॅम्डा ही माश्यांना घातक कीटकनाशकं मारायची नाहीत, हे नक्की.

या पेट्या हलवून पाच-सहा किलोमीटरवरून नव्या वसाहती आणल्या, तर त्या धना सापडेपर्यंत किती दिवस कांद्यावर काम करतील? आणि फुलकिड्यांसाठी सूर्यास्तानंतर माश्यांना सुरक्षित असं काय फवारता येईल?