रेग्युलेटर कर्नलच्या ताब्यात कशाला? उत्तर देतोच

सोल्डरभाऊ: काल बूटलोडरच्या धाग्यात 'जुनाट' यांनी ठोकून दिलं, "व्होल्टेज फर्मवेअरने सांभाळावं, लिनक्सने नाक खुपसू नये. प्लंडरव्होल्ट विसरलात?" प्लंडरव्होल्ट म्हणजे व्होल्टेज खाली ओढून इंटेल प्रोसेसरमधली गुपितं फोडणारा हल्ला. दोन ओळींत भागणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: रेग्युलेटर म्हणजे बोर्डावरच्या चिपांना ठरावीक व्होल्टेज देणारा भाग, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, फर्मवेअर म्हणजे हार्डवेअरमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर.

२००८ साली लिनक्सच्या २.६.२७ आवृत्तीत रेग्युलेटर फ्रेमवर्क (रेग्युलेटर सांभाळणारा कर्नलचा भाग) आलं, तेव्हापासून ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारा कोड) व्होल्टेज फक्त मागतो. द्यायचं की नाही ते बोर्डाच्या मर्यादांवर. डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) कमाल १८००००० मायक्रोव्होल्ट, म्हणजे १.८ व्होल्ट, लिहिलंय ना, मग ३.३ व्होल्ट मागून बघा, एरर तोंडावर येते. मर्यादाच लिहिल्या नसतील तर व्होल्टेज बदलताच येत नाही. एसडी कार्ड ३.३ वरून १.८ ला कधी आणायचं हे कार्डाशी बोलणाऱ्या ड्रायव्हरलाच कळणार. फर्मवेअरला काय स्वप्न पडतं?

जुनाट: स्वप्नाचं राहू द्या. २०१७ चा क्लकस्क्रू हल्ला बघा. नेक्सस ६ फोनवर कर्नलमधूनच फ्रिक्वेन्सी-व्होल्टेज ताणून ट्रस्टझोनमधली (प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली) गुप्त की काढली. ज्याच्याकडे रूट (सर्वाधिकार) आहे तो तुमच्या डिव्हाइस ट्रीला भीक घालेल होय? कमाल मर्यादा हार्डवेअरमध्येच हवी.

सोल्डरभाऊ: आधी प्लंडरव्होल्टचं बोला. ते इंटेलच्या एमएसआरमधून (प्रोसेसरच्या आतल्या सेटिंगच्या रजिस्टरमधून) झालं, रेग्युलेटर फ्रेमवर्कचा संबंध शून्य. हे गाळून दुसरंच पुढे केलंत!

रात्रपाळी: तुमचं चालू द्या. माझं डोकं फिरतं ते 'ऑलवेज-ऑन' (हा रेग्युलेटर कधीच बंद करू नको अशी डिव्हाइस ट्रीतली खूण) बघून. क्लायंटचा बोर्ड, बूट झाल्यावर ३० सेकंदांनी वायफाय गायब. लॉगमध्ये रेलचं (रेग्युलेटरमधून निघणाऱ्या वीजपुरवठ्याच्या लाइनचं) नाव आणि पुढे 'डिसेबलिंग'. डिव्हाइस ट्रीत वायफायच्या नोडमध्ये (नोंदीत) सप्लाय लिहिलेलाच नव्हता, कोणी मागत नाही म्हटल्यावर कर्नलने रेल बंद केली. बरोबरच केलं. यावर क्लायंटच्या लीडचा उपाय: "सगळ्या एलडीओंना (एका प्रकारच्या रेग्युलेटरांना) ऑलवेज-ऑन लावा, पुढे चला." लावलं. मग स्लीपमध्ये ठेवलेलं डिव्हाइस सकाळी बॅटरी संपून मेलेलं. आणि बग कोणाच्या नावावर? आमच्या.

कोथरूड_एम्बेडेड: वर बसून नियम सांगणं सोपं आहे. आम्हाला स्कीमॅटिकची (सर्किटच्या नकाशाची) पीडीएफसुद्धा देत नाहीत. कुठली रेल कुठे जाते हे मल्टिमीटर लावून शोधायचं आणि शुक्रवारी रिलीज. ऑलवेज-ऑन नाही लावणार तर काय करणार?

रात्रपाळी: स्कीमॅटिक मागा! नाही दिलं तर लेखी घ्या. तुमच्यासारखे मान हलवतात म्हणून पुढच्या टीमच्या बोकांडी हे बसतं.

कोथरूड_एम्बेडेड: ईएमआय तुम्ही भरता का माझा?

जुनाट: वा! म्हणजे मर्यादा लिहिणाऱ्यालाच रेल माहीत नाही. मग सोल्डरभाऊ, कर्नल तपासतो ते कोणाच्या आकड्यांवर?

सोल्डरभाऊ: बरं बाबा, वरची मर्यादा हार्डवेअरमध्ये असावी. एवढं दिलं तुम्हाला, फ्रेम करून लावा. पण फर्मवेअर लिहिणारे काय आकाशातून पडतात? २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत मायक्रोकोडच (प्रोसेसरच्या आतलं फर्मवेअर) जास्त व्होल्टेज मागत होता, लोकांचे प्रोसेसर कायमचे खराब झाले. डिव्हाइस ट्रीतला चुकलेला आकडा मला निदान दिसतो. ब्लॉबमधला (सोर्सशिवाय दिलेल्या फर्मवेअरमधला)?

जुनाट: दिसतो, पण दुरुस्त कोण करतं? वरचे दोघं बघा.

रात्रपाळी: कोथरूड, भांडण बाजूला. कर्नल कमांडलाइनला (बूट होताना कर्नलला द्यायच्या सूचनांत) 'रेग्युलेटर_इग्नोर_अनयूज्ड' टाकून बूट करा, म्हणजे कोणी न मागितलेल्या रेल बंद होत नाहीत. वायफाय टिकलं तर दोष राहिलेल्या सप्लायचाच, मग एकेक रेल शोधत जा. फक्त डीबगपुरतं हं, प्रॉडक्शनमध्ये ठेवू नका.

कोथरूड_एम्बेडेड: प्रॉडक्शनमध्ये तेच आहे.