भूमितीचा माणूस संख्याशास्त्राचा प्राध्यापक कसा झाला? राजचंद्र बोस यांच्या कारकिर्दीविषयी

संख्यार्थी :
नमस्कार. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले असून सध्या प्रयोगांच्या आराखड्यांवर पीएच.डी.चे काम करते आहे. गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात मुलाखतीला गेले असता समितीतील एका सदस्यांनी माझा शोधनिबंध चाळून ‘हे तर गणित झाले, यात संख्याशास्त्र कुठे आहे?’ असे विचारले, आणि मला नीट उत्तर देता आले नाही. तेव्हापासून राजचंद्र बोस यांच्याविषयी मिळेल ते वाचते आहे. त्यांच्या दिल्ली आणि कलकत्ता येथील दोन्ही एम.ए. गणितातल्या, संख्याशास्त्र ते कुठल्याही वर्गात बसून शिकले नव्हते. तरीही अमेरिकेत चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ते १९४९ पासून १९७१ पर्यंत संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. हाच विभाग आज ‘संख्याशास्त्र आणि ऑपरेशन्स रिसर्च’ या नावाने ओळखला जातो. हा प्रवास नेमका कसा घडला आणि त्यांच्या कामाला संख्याशास्त्र का म्हणायचे, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

निवृत्त_मास्तर :
आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बोस यांचा जन्म १९०१ मध्ये होशंगाबादचा. विद्यार्थिदशेतच आई-वडिलांचे छत्र हरपल्यामुळे शिकवण्या करून त्यांनी शिक्षण पुरे केले. कलकत्त्यात श्यामादास मुखोपाध्याय यांच्याकडे ते भूमिती शिकले आणि पुढे एका महाविद्यालयात अध्यापन करू लागले. डिसेंबर १९३२ मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस स्वतः त्यांच्याकडे गेले आणि आपल्या नव्या संस्थेत काम करण्याविषयी त्यांनी विचारले. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी संख्याशास्त्रातले कितीतरी प्रश्न अनेक मितींच्या भूमितीने सोडवले होते, त्यामुळे महालनोबिसांना भूमितीत मुरलेलाच माणूस हवा होता. संख्याशास्त्र त्याला शिकवता येईल, याची त्यांना खात्री होती, आणि ती खरी ठरली.

त्यानंतरचा योग मला अधिक मोलाचा वाटतो. जर्मनीतून आलेले फ्रीडरिश लेव्ही कलकत्ता विद्यापीठात आधुनिक बीजगणित शिकवू लागले आणि बोस यांना तिथे सांत क्षेत्रांची (मोजक्याच घटकांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करता येणाऱ्या रचनांची) ओळख झाली. १९३८ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात त्यांनी याच क्षेत्रांच्या आधारे लॅटिन चौरसांचे संपूर्ण संच कसे बांधावेत, हे दाखवले. लॅटिन चौरस म्हणजे प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येणारी चौकट; अशा संचातले कोणतेही दोन चौरस एकमेकांवर ठेवले, तर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच येते. पुढे कलकत्ता विद्यापीठात ते विभागप्रमुख झाले, तेव्हा डॉक्टरेट नसल्याची अडचण पुढे आली. त्यांनी आपले प्रकाशित निबंध सादर केले आणि १९४७ मध्ये त्यांना डी.लिट. मिळाली. तोवर त्यांच्या हाताखाली सी. आर. राव यांच्यासारखे विद्यार्थी शिकून गेले होते!

शेतावरचा_संख्याशास्त्री :
‘संख्याशास्त्र कुठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर मी वाफ्यात देतो, कारण माझे आयुष्य पीक-प्रयोगांची आकडेमोड करण्यात गेले. ज्वारीचे तीन वाण अ, ब, क आणि खताच्या तीन मात्रा १, २, ३ तपासायच्या आहेत, असे समजा. जमिनीचा कस उत्तरेकडून दक्षिणेकडे बदलतो आणि ओल पूर्वेकडून पश्चिमेकडे. मग वाफे असे मांडायचे :

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक वाण एकदाच येतो, प्रत्येक मात्राही एकदाच येते, आणि वाण व मात्रा यांची प्रत्येक जोडी सबंध शेतात एकदाच पडते. त्यामुळे कस, ओल, वाण आणि खत यांचे परिणाम एकमेकांत न मिसळता वेगळे काढता येतात. (प्रयोगातली चूक किती, हे अजमावायला इथे काहीच उरत नाही, म्हणून प्रत्यक्षात मोठा चौरस घ्यावा लागतो किंवा हाच आराखडा पुन्हा पेरावा लागतो.) पीक उभे राहिल्यावर अशी मांडणी सुधारता येत नाही, जे करायचे ते पेरणीपूर्वीच. विदा गोळा होण्याआधीचे हे काम ज्यांना संख्याशास्त्र वाटत नाही, त्यांनी बिघडलेल्या प्रयोगाचे आकडे एकदा तरी हाताळून पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

विदर्भवासी :
या चर्चेत शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचे नाव यायलाच हवे. नागपुरात शिकलेले आणि शिकवलेले श्रीखंडे चॅपल हिलला बोस यांचेच विद्यार्थी होते व १९५० मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. वर दाखवल्यासारखे जोडचौरस ६, १०, १४ अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या आकारांचे असूच शकत नाहीत, असे गणितज्ञ ऑयलर यांनी १७८२ मध्ये सुचवले होते. सहाच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ आकाराचा जोडचौरस बांधला, अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा बांधला, आणि मग तिघांनी मिळून सहाच्या पुढे ऑयलर यांचे म्हणणे कुठेच टिकत नाही, हे सिद्ध केले. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली होती. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तले. गुरू संख्याशास्त्र विभागात आणि शिष्य गणित विभागात, पण दोघांचे काम एकच.

आणखी एक गोष्ट मुलाखतीत सांगता येईल. १९६० मध्ये बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्र राय-चौधुरी यांनी त्याच सांत क्षेत्रांमधून चुका दुरुस्त करणारी संकेतप्रणाली शोधली. फ्रान्समध्ये ओक्केंगेम यांनी ती स्वतंत्रपणे आधीच मांडली होती. दुकानातल्या क्यूआर कोडमध्ये त्याच्या स्वरूपाची माहिती पाच बिटांची असते आणि तिला दहा तपासणी-बिट जोडलेले असतात. ते याच प्रणालीचे आहेत, म्हणून त्या पंधरांतले तीन बिघडले तरी मूळ माहिती परत मिळते.

संख्यार्थी :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाफ्यांचे उदाहरण मी पुढच्या मुलाखतीत फळ्यावर मांडणार आहे. १९३८ चा निबंध वाचायचा, तर आधी काय तयारी करावी?

निवृत्त_मास्तर :
चार घटकांच्या क्षेत्राची बेरजेची आणि गुणाकाराची कोष्टके आधी स्वतःच्या हाताने लिहा आणि त्यांतून ४×४ चे तीन चौरस काढा. तिन्ही चौरस जोडीजोडीने ताडून पाहा, प्रत्येक वेळी सोळाच्या सोळा जोड्या वेगळ्या आल्या पाहिजेत. तेवढे जमले की निबंध उघडा, आणि अडलात तर इथेच लिहा.