आर्मीत ब्रिगेडियरपासून वर सगळ्यांची टोपी एकच, पटतं का तुम्हाला?

सातारी_कंदील
वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, ट्रेनिंग बेळगावचं, त्यामुळे हा विषय आमच्याकडे जेवताना निघतो आणि भाकरी गार होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १ ऑगस्ट २०२३ पासून आर्मीत ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा युनिफॉर्म एकसारखा केलाय. टोपी, खांद्यावरची रँक, कॉलरवरचे पॅच, बेल्ट, बूट सगळं कॉमन, आणि लॅनयार्ड म्हणजे खांद्यावरची ती दोरी बंदच. कर्नल आणि त्याखाली काही बदल नाही. म्हणजे पॅरावाल्यांची (विमानातून उड्या मारणाऱ्यांची) मरून बेरे, म्हणजे ती मऊ, गोल, एका बाजूला झुकवलेली टोपी, रणगाडेवाल्यांची काळी, गुरखा पलटणींची ती तिरकी हॅट, हे सगळं कर्नलपर्यंतच.

माझं मत, चुकलं. पंचवीस वर्षं ज्या टोपीत वाढला ती बढती मिळाली म्हणून काढून ठेवायची? आणि ती टोपी नुसती मिळत नाही हो, बनवावी लागते. नवी बेरे डोक्यावर ठेवली तर उपडं ताट ठेवल्यासारखी दिसते. वडील सांगतात, गरम पाण्यात बुडवायची, पिळायची, ओलीच डोक्यावर चढवायची, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर आणि सगळं कापड ओढून उजव्या कानावर, मग सुकेपर्यंत तशीच ठेवून बसायचं. सुकली की दाढीच्या ब्लेडनं वरची लव काढायची. त्यांचा टोपीवरचा लाल-हिरवा पिसांचा तुरा अजून पेपरच्या सुरळीत कपाटात आहे, आई दिवाळीच्या साफसफाईत त्याला हात लावत नाही.

तोफखाना_निवृत्त
सातारकर, वडिलांना माझा जय हिंद सांगा, पण मुद्दा पटला नाही. मी गनर म्हणजे तोफखान्यातला, देवळाली, गडद निळी बेरे. ब्रिगेड कुणा एका रेजिमेंटची नसते. एखाद्या ब्रिगेडमध्ये एक पलटण मराठा, एक डोग्रा, एक गढवाल, वर इंजिनियर, सिग्नल आणि आम्ही तोफावाले. आता कमांडर, म्हणजे ब्रिगेडियर, यातल्याच एकाची टोपी घालून आला तर बाकीच्यांच्या मनात काय येणार? साहेब वाईट नसतो हो, पण जवान बारीक बघतो. आमच्या वेळी एक कमांडर होते, माणूस देव, पण नवीन रजई आल्या आणि पहिल्या त्यांच्या जुन्या पलटणीला गेल्या. योगायोग असेलही. लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात मात्र महिनाभर 'टोपीला टोपी ओळखते' असं चाललं होतं.

सातारी_कंदील
काका, मग रजई वाटणाऱ्याला धरा ना, टोपीला का? मनात दुजाभाव असेल तर तो कॉमन टोपीखाली पण राहतोच. उलट आधी दिसत तरी होता :)

नगरकर_७७
इथे नगरला रणगाड्यांचं सेंटर, लहानपणापासून काळ्या बेरे बघतोय म्हणून दोन शब्द. ही 'परंपरा' मुळात सोयीतून आलीये. इंग्रजांच्या टँकवाल्यांनी १९२४ साली काळी बेरे घेतली कारण टँकच्या त्या अरुंद झाकणातून आत-बाहेर करताना कडक काठाची टोपी अडकते, आणि काळ्यावर ऑइलचे डाग दिसत नाहीत. कल्पना पण स्वतःची नाही, फ्रान्सच्या डोंगरी पलटणीची मोठी बेरे बघून सुचलेली. मरून तर त्याहून अलीकडची, १९४२ ची. तर मुद्दा असा की जी गोष्ट कामाच्या सोयीसाठी आली ती कामाच्या सोयीसाठी बदलली तर एवढं काय? ब्रिगेडियर काही रोज टँकमध्ये उतरत नाही.

बेळगावची_लेक
नगरकर, सुरुवात सोयीतून झाली हे मान्य, पण मग मंगळसूत्र पण काळ्या मण्यांचंच का हे विचारत बसू का आपण? वस्तू कुठून आली आणि आज ती काय आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घराजवळून मराठा सेंटरची पोरं पळत जायची सकाळी, नवीन भरती झालेली, टक्कल केलेली, आणि मग काही महिन्यांनी कसम परेडला तीच पोरं तुरा लावून उभी, आईबाप मागे खुर्च्यांवर, आणि आईला स्वतःचा मुलगा ओळखू येत नसतो. हे मी दरवर्षी पाहिलंय. तो तुरा डागापायी नाही लावत कोणी.

न्यूजर्सी_मावळा
याचं उलटं उदाहरण अमेरिकेत झालंय, म्हणून सांगतो. काळी बेरे इकडे फक्त रेंजर्सची, म्हणजे आर्मीतल्या निवडक कमांडोंची होती. २००१ मध्ये आर्मी चीफ जनरल शिन्सेकी यांनी ती अख्ख्या आर्मीला देऊन टाकली, हेतू एकीचाच. रेंजर्स इतके भडकले की काही माजी रेंजर्स निषेध म्हणून जॉर्जियातून वॉशिंग्टनपर्यंत चालत गेले. शेवटी रेंजर्सनी काळी सोडून टॅन म्हणजे फिक्या तपकिरी रंगाची बेरे घेतली. वर एवढ्या बेरे एकदम कुठून आणणार, तर काही चीनमध्ये बनलेल्या निघाल्या आणि त्या परत घ्यायची वेळ आली. एवढं करून २०११ मध्ये रोजच्या कॉम्बॅट ड्रेसवर पुन्हा साधी पॅट्रोल कॅप आली, कारण बेरेला उन्हापासून डोळे झाकणारा काठ नाही आणि घाम धरते. दहा वर्षांची कसरत. एकी टोपीनं येत नाही राव.

तोफखाना_निवृत्त
मावळे, तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं नाही तसं तुमच्याही बाजूचं नाही. तिकडे शिपायाची टोपी घेतली. इकडे शिपायाच्या, हवालदाराच्या, सुभेदाराच्या, अगदी कर्नलच्याही टोपीला हात लावलेला नाही. पलटण कर्नल चालवतो, तिथे टोपी पाहिजेच, मी स्वतः भांडेन त्यासाठी. वर गेलं की माणूस सगळ्यांचा होतो.

पुणेरी_शंका
सगळ्यांचा व्हायला सगळ्यांसारखं दिसावं लागतं हे कुठे लिहिलंय? दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज जनरल मॉन्टगोमेरी बघा. मूळचा इन्फन्ट्रीवाला, वॉरविकशर रेजिमेंटचा. १९४२ ला आफ्रिकेच्या वाळवंटात आला आणि टँकवाल्यांची काळी बेरे घातली, त्यावर दोन बिल्ले, एक जनरलचा आणि एक टँक रेजिमेंटचा. दोन बिल्ले नियमात बसत नव्हते, पण लांबून कुठलाही सोल्जर ओळखायचा की हाच तो. त्याआधी तर ऑस्ट्रेलियनांची हॅट घालून फिरला होता. कॉमन टोपी घालून तो एवढा जवळचा वाटला असता का?

नगरकर_७७
पुणेरी, तुम्हीच स्वतःवर गोल केलात. मॉन्टी स्वतःच्या रेजिमेंटची टोपी *सोडून* दुसऱ्याची घातली म्हणून जवळचा वाटला ना? काका तेच तर सांगतायत.

पुणेरी_शंका
सोडली, पण कोणी सोडायला लावली नव्हती. फरक आहे. (आणि हो, गोल झाला, मान्य.)

बेळगावची_लेक
शिखांचं काय पण? पॅरातले शीख जवान मरून पगडी बांधतात. तिथे रंग पलटणीचा आणि पगडी स्वतःची, दोन्ही एकाच कापडात. वर गेल्यावर रंग जातो, पगडी राहते. म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी उरतं. बाकीच्यांकडे काय उरतं?

तोफखाना_निवृत्त
ताई, बिनतोड प्रश्न आहे, पटकन उत्तर नाही माझ्याकडे. छातीवरची पदकं उरतात असं म्हणणार होतो पण ती तर सगळ्यांची सारखीच असतात.

सातारी_कंदील
आत्ताच वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, "साहेबाच्या टोपीकडे बघायला वेळ कुणाला होता, साहेब आला की आपली सरळ आहे का ते आधी बघायचो, टोपी नसली तर सॅल्यूट पण मारता येत नाही, नुसतं सावधान उभं राहायचं." मग विचारलं, मग कॉमन केली ते बरोबर का? तर म्हणाले नाही. कारण विचारलं तर उठून कपाटाकडे गेले, ती पेपरची सुरळी काढली, तुऱ्याला झुरळ लागलंय का बघितलं आणि परत ठेवली. आता डांबराच्या गोळ्या आणायला मला पिटाळलंय.

तोफखाना_निवृत्त
डांबर नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा म्हणावं.