विद्यापीठाजवळ चार तास, खिशात ५०० रुपये. कुठे जाऊ?

वाळपईकर_बाबा: लेकीची मराठी एम.ए.च्या प्रवेशाची मुलाखत आहे, गोवा विद्यापीठात, ताळगाव पठारावर. दहाला ती आत गेली की दोनपर्यंत मी मोकळा. गाडी नाही, कदंबा बसने येणार. गुडघे कुरकुरतात. जवळपास काय बघू?

मांडवीकाठ: जुने गोवे! बॉम जेझू बासिलिका १६०५ मध्ये पुरी झालेली, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तिथंच. आणि मंगेशी करून या, वाटेतच आहे.

पठारवासी: मंगेशी वाटेत? कुणाच्या?

इंजिन_गरम: स्कूटर भाड्याने घ्या. मी मे महिन्यात घेतली होती. काटा अर्धी टाकी दाखवत होता आणि बांबोळीच्या चढावर बंद! भर उन्हात ढकलली. पण हिंडायला तिच्यासारखं काही नाही.

वाळपईकर_बाबा: गुडघ्यांचं वर लिहिलंय हो.

चोडणची_सून: रायबंदरहून फेरीने चोडणला या, सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्याजवळच. पायी माणसाला फेरी फुकट. फक्त सातलाच पोचा, नंतर पक्षी दिसत नाहीत.

मांडवीकाठ: जुने गोवे नको तर दोनापावला. प्रेमापायी उडी मारलेल्या दोना पावला नावाच्या बाईचा पांढरा पुतळा आहे तिथं.

पठारवासी: तो तिचा नाहीच. बॅरोनेस इर्सा फॉन लाइस्टनरचं शिल्प आहे ते, 'भारताची प्रतिमा'. उडीची गोष्ट गाइडांची.

मांडवीकाठ: आमच्या आजीने सांगितलंय.

पठारवासी: मग प्रश्नच मिटला.

जुवारी_तीर: कुणी शिरदोन म्हणेना! पठाराच्या खालीच, जुवारी नदीच्या मुखाशी, किनाऱ्यावर गर्दी नाही. ओहोटीला शिंपल्या वेचता येतात. येताना चढ आहे, तेव्हा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, करा आणि मागे बसण्याआधीच भाडं ठरवा. मी उतरल्यावर विचारलं, ती चूक तुम्ही करू नका.

इंजिन_गरम: त्यापेक्षा स्कूटर.

वाळपईकर_बाबा: जाऊन आलो. म्हणजे कुठेच गेलो नाही. कँटीनमध्ये पातळभाजी-पाव आणि दोन चहा, साठ रुपये. मग काजूच्या सावलीत वर्तमानपत्र अंथरून बसलो. खाली जुवारी, तिच्यात बार्जी, म्हणजे मालवाहू बोटी. अकरा मोजल्या, बारावीच्या वेळी डोळा लागला. लेकीने हलवून उठवलं, पाठीला मुंग्या. मुलाखत बरी झाली म्हणते. शिरदोनला पुढल्या खेपेला, प्रवेश मिळाला तर.

मांडवीकाठ: म्हणजे मंगेशी राहिलंच ना?