तासभर व्हीलचेअरवर बसवून पोरांना काय कळतं?

गिरगावकरीण: कालची ती पोस्ट वाचून डोकंच फिरलं. कॉलेजच्या पोरांना तासभर व्हीलचेअरवर बसवून बास्केटबॉल खेळवला, म्हणे त्यांचा दृष्टिकोन बदलला, आता प्रत्येक शाळेत करा. माझा भाऊ पोलिओमुळे लहानपणापासून खुर्चीवर, तरुणपणी गोळा फेकायचा. तासाभरात पोरांना चाक धड वळवता येत नाही, दंड भरून येतात, आणि घरी जाताना मनात एवढंच की बाप रे केवढे हाल! दया आली, खेळाडू दिसलाच नाही.

मुलुंडची_मास्तरीण: मी पी.टी. शिकवते. आम्ही सिटिंग व्हॉलीबॉल घेतला, नेट 1.15 मीटरवर, बॉल मारताना बूड उचललं की फाऊल. डिस्ट्रिक्ट खेळलेला नववीतला पोरगा दहा मिनिटांत रडकुंडीला आला आणि समोर एक पाय नसलेला खेळाडू तळहातांवर सरकत कोर्टभर फिरत होता. मॅचनंतर पोरगा त्याच्यापाशी जाऊन म्हणाला, दादा, एवढं फास्ट सरकायला शिकवाल? ही दया का?

गिरगावकरीण: अहो तुमच्याकडे खरा खेळाडू होता! त्या कॉलेजात एकही नव्हता.

ठाणेकर: मेडल आलं की लोक आपोआप मान देतात. पॅरिस पॅरालिम्पिकला 2024 मध्ये आपल्याला 29 आली ना.

मुलुंडची_मास्तरीण: आपोआप? मुरलीकांत पेटकरांनी 1972 च्या पॅरालिम्पिकला पोहण्यात गोल्ड आणलं, पद्मश्री 2018 ला.

कुर्ला_स्लो: मान राहू दे, आधी लोकलमधल्या हँडिकॅपच्या डब्याचं बोला. माझा एक पाय जयपूर फूट. सकाळी धडधाकट पोरं सीटवर, उठा म्हटलं तर सर्टिफिकेट मागतात. भर डब्यात पँट वर करून पाय दाखवलाय मी.

ठाणेकर: जनरलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, लेट झालं की माणूस दिसेल त्या डब्यात चढतो.

कुर्ला_स्लो: दिसेल त्या? मग लेडीजमध्ये का नाही चढत? तिथे बायका सोडणार नाहीत म्हणून. आमच्या डब्यात कोण अडवणार तुम्हाला!

ठाणेकर: आवाज चढवू नका. चढलोय मी पण दोन-तीनदा. चुकलंच, बास?

गिरगावकरीण: मास्तरीणबाई, खेळाडू आणून त्याच्याकडून हरणार असतील पोरं, तर माझा विरोध नाही. पण त्याला मानधन द्या, शाल-श्रीफळावर बोळवण नको. भावाला एका शाळेत सत्काराला बोलावलं, स्टेजला पाच पायऱ्या. चौघांनी खुर्चीसकट उचलला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री तो जेवला नाही.

मुलुंडची_मास्तरीण: आमच्या स्टेजला सात आहेत. आजवर मोजल्या नव्हत्या. पुढचा सत्कार खाली ग्राउंडवरच घेते.