मांदेली, कोळुवा आणि आमुदी: हे सगळे ‘अँकोव्ही’ एकच का, आणि मांदेली केरळात का मिळत नाही?

प्रश्न : रेवदंड्याची लेक

नमस्कार. माझे माहेर रेवदंड्याला, कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाशी आहे, आणि गेली चार वर्षे मी नोकरीनिमित्त कोचीला राहते. येथील बाजारात तारली आणि बांगडा तर रोज असतात, करीमीनही मिळतो; मात्र मांदेली मला आजवर एकदाही दिसलेली नाही. मागच्या आठवड्यात मासे विकणाऱ्या एका बाईंना फोनमधले मांदेलीचे छायाचित्र दाखवले, तेव्हा त्यांनी बोटाएवढ्या, जवळजवळ पारदर्शक माशांची टोपली माझ्यापुढे सरकवली आणि ‘कोळुवा’ असे नाव सांगितले. घरी आणून तळल्यावर चव छान लागली, पण ती मांदेली नव्हती हे पहिल्याच घासाला कळले.

गोंधळ असा की येथे गोठवलेल्या कोळुव्याच्या पाकिटावर ‘अँकोव्ही’ असे छापलेले असते, मुंबईची ऑनलाइन दुकाने मांदेलीला ‘गोल्डन अँकोव्ही’ म्हणतात, आणि पिझ्झ्यावरच्या डबाबंद खारट माशालाही तेच नाव आहे. हे तिन्ही मासे एकच आहेत का? शिवाय माझी आजी मांदेलीला ‘खाडीतली’ म्हणायची. कोचीला तर केवढी मोठी खाडी आहे. मग मांदेली येथे का नसावी? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त मत्स्यशिक्षक

रेवदंड्याच्या ताई, हे तिन्ही मासे एका कुळातले आहेत, पण एक नाहीत. अँकोव्ही हे एका माशाचे नाव नसून एका संपूर्ण कुळाचे आहे, आणि त्या कुळात दीडशेच्या आसपास जाती मोडतात. पिझ्झ्यावरचा मासा एंग्रॉलिस वंशातला, तुमचा कोळुवा बहुधा स्टोलेफोरस किंवा एन्क्रासिकोलिना वंशातला आणि आपली मांदेली कोइलिया वंशातली. तिचे शास्त्रीय नाव कोइलिया द्युसुमिएरी. हे नाव व्हॅलेन्सिएन या फ्रेंच अभ्यासकाने 1848 साली दिले, आणि त्यात हिंदी महासागरातून प्राण्यांचे नमुने गोळा करून पॅरिसला नेणाऱ्या द्युसुमिए नावाच्या व्यापाऱ्याची आठवण आहे.

कुळाची खूण तोंडावर असते. तारली हातात घ्या. तिचे दोन्ही जबडे नाकाच्या टोकाशी समोरासमोर मिळतात. मांदेलीचे किंवा कोळुव्याचे नाकाड मात्र पुढे आलेले असते, खालचा जबडा त्याच्याखाली दडलेला असतो आणि वरच्या जबड्याचे हाड डोळ्याच्याही मागे लांबवर गेलेले असते. त्यामुळे एवढासा मासा तोंड उघडतो तेव्हा त्याचे अर्धे डोके उघडल्यासारखे दिसते. पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव गाळून खाण्यासाठी ही रचना सोयीची आहे.

एवढे साम्य सोडले, तर मांदेली आणि कोळुवा दिसायला फारच वेगळे आहेत. कोळुव्याच्या कुशीवर चंदेरी पट्टा असतो आणि शेपटी चारचौघा माशांसारखी दुभंगलेली असते. मांदेलीचे शरीर मात्र मागे सुरीच्या पात्यासारखे निमुळते होत जाते आणि पोटाखालचा लांबलचक पर थेट शेपटीला जाऊन मिळतो. तिच्या छातीच्या पराचे वरचे सहा काटे सुटे, दोऱ्यासारखे लांब असतात. बाजारात ते अंगाला चिकटल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाहीत, पण ताजी मांदेली पाण्याने भरलेल्या वाडग्यात सोडली की ते मिशांसारखे पसरतात. मी विद्यार्थ्यांना नेहमी हाच प्रयोग करायला लावत असे, आणि लहानपणापासून मांदेली खात आलेली मुलेसुद्धा ते दोरे पाहून चकित होत.

पोटाच्या दोन्ही बाजूंना ओळीने दिसणारे सोनेरी ठिपके हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य. ते नुसते रंगाचे ठिपके नसून प्रकाश निर्माण करणारे अवयव आहेत. असे अवयव सहसा खोल समुद्रातल्या माशांना असतात. तारली, पाला, अँकोव्ही या सगळ्यांना सामावणाऱ्या गणात ते अत्यंत विरळ.

आता आजींच्या ‘खाडीतली’ या शब्दाविषयी. मांदेली किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, साधारणपणे 50 मीटर खोलीच्या आत राहते आणि खाडीच्या मचूळ पाण्यातही वावरते. खाऱ्या-गोड्याच्या सीमेवर राहणे हे या वंशाचे जुने वळण आहे. तिची एक चिनी बहीण अंडी घालण्यासाठी यांगत्से नदीत शेकडो किलोमीटर वर चढत असे. अतिमासेमारीने तिची दशा झाली, आणि 2021 पासून त्या नदीवर दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू आहे. गंगेत राहणारा फासा हा अँकोव्ही कुळातलाच मासा भरतीच्या पाण्याच्या पलीकडे, निव्वळ गोड्या पाण्यातही सापडतो. मांदेली तितकी पुढे जात नाही, पण तिला पाण्यातला खारेपणा कमी झालेला चालतो, आणि गढूळपणा तर तिला मानवतोच.

कोचीत ती का नाही, याचे उत्तर या गढूळपणात आहे. खंभातच्या आखातात साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या चार नद्या गाळ आणून टाकतात, तेथील समुद्रतळ रुंद आणि उथळ आहे, आणि भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. मुंबईतही मोठ्या उधाणाला तो पाच मीटरच्या जवळ पोहोचतो. पाणी सतत घुसळले जाते, तळातला गाळ वर येतो आणि त्याच पाण्यात जवळ्याची प्रचंड पैदास होते. मांदेलीच्या आहारात जवळ्याचा वाटा मोठा आहे. कोचीला वेंबनाडसारखा विस्तीर्ण खाजण-सरोवराचा पसारा असला, तरी तेथे भरती जेमतेम मीटरभर चढते, किनाऱ्यासमोरचा उथळ तळ तुलनेने अरुंद आहे, आणि पावसाळ्यात खोल समुद्रातले थंड, पोषक पाणी वर येऊन निराळीच अन्नसाखळी उभी राहते. ती तारलीला आणि कोळुव्याला मानवते. म्हणून नुसती खाडी असून भागत नाही, ती कोणत्या समुद्राला मिळते हेही पाहावे लागते.

उत्तर २ : डोलकर, पालघर

सरांनी लिहिले ते योग्यच आहे. मी शास्त्र शिकलेलो नाही. आमच्या घरात तीन पिढ्या डोल जाळ्याची मासेमारी आहे, त्या अनुभवावरून थोडी भर घालतो.

डोल म्हणजे मोठ्या शंकूच्या आकाराची पिशवी. ती समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधतात, तिचे तोंड प्रवाहाकडे असते, आणि पाण्याच्या जोराने जे आत येईल ते शेवटच्या बारीक विणीच्या भागात, म्हणजे खोल्यात, साठते. आम्ही माशामागे जात नाही, पाणीच मासा आणून देते. त्यामुळे आमची नजर घड्याळापेक्षा तिथीवर असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, तेव्हा खोला भरतो. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी मंद होते, आणि डिझेलचा खर्च निघेल का याचा विचार करूनच होडी काढावी लागते. पाणी उलटण्यापूर्वी जी थोडी उसंत मिळते, तेवढ्यात जाळे उचलले नाही तर तोंडातून आलेला मासा तोंडातूनच परत जातो.

एका खोल्यात बोंबील, जवळा, मांदेली, करंदी आणि वाकटी एकत्रच येतात. बोंबील मांदेलीला खातो, मांदेली जवळ्याला खाते, आणि आम्ही तिघांनाही एकाच टोपलीत भरतो. बोंबलाचे पोट फाडल्यावर आत अख्खी मांदेली निघणे ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे.

ताईंच्या आजींचा शब्द मला अगदी बरोबर वाटतो. माझ्या वडिलांच्या तरुणपणी खाडीच्या मुखावर बांधलेल्या लहान जाळ्यांतही मांदेली भरपूर येत असे, आता त्यासाठी बाहेर जावे लागते. खाडीत सांडपाणी येते, गाळ साचून पात्र उथळ होते, आणि तिवरांची झाडे तोडली की पिल्लांना आसरा उरत नाही. अर्थात सगळा दोष शहरावर ढकलून मला मोकळे होता येणार नाही. आमच्या खोल्याची आस, म्हणजे विणीतले भोक, बारीक असते, आणि तिच्यात पापलेटची नखाएवढी पिल्लेही येतात. पण आस मोठी केली तर जवळा आणि लहान मांदेली निसटतात, आणि डोलकराचे पोट त्यांच्यावरच चालते. यावर सभांमधून बरेच बोलले जाते. 1 जून ते 31 जुलै ही यांत्रिक नौकांची बंदी पाळली जाते, मात्र आसेचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आणखी एक. मांदेली फार लवकर उतरते. भरल्या पोटाने सापडलेली असेल तर काही तासांत तिचे पोट फुटते आणि सोनेरी झळाळी जाऊन अंग पांढुरके पडते. विकत घेताना किंमत विचारण्याआधी पोट पाहावे.

उत्तर ३ : हावड्याचा मुक्कामी

या चर्चेत माझाही एक अनुभव नोंदवावासा वाटतो, कारण त्यामुळे सरांच्या गढूळ पाण्याच्या मुद्द्याला पुष्टी मिळेल. मी मूळचा वसईचा, सध्या हावड्याला राहतो. येथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात एका खाणावळीत भाताबरोबर कुरकुरीत तळलेले लहान मासे वाढले, नाव ‘आमुदी’. निमुळती शेपटी पाहिल्याबरोबर मी वाढप्याला म्हणालो की ही तर आमची मांदेली! तो काही केल्या मानायला तयार नव्हता. त्याच्या मते हा मासा फक्त बंगालच्या नदीमुखांतला. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन कच्चा मासा पाहिला आणि खात्री पटली. कोची, चेन्नई सोडून ही दोन टोकांना कशी, हे कोडे मात्र तेव्हा उलगडले नव्हते.

निवृत्त मत्स्यशिक्षक

हावड्याच्या मित्राने नेमकी जागा पकडली. भारतात मांदेलीचा वावर सलग नाही. गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ती विपुल आहे, कोकणात दक्षिणेकडे जावे तशी ती कमी होत जाते, आणि पुढे थेट ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर ती पुन्हा मोठ्या संख्येने भेटते. बोंबलाचेही बरेचसे असेच आहे. खंभातला चार नद्यांचा गाळ, तर तेथे महानदी आणि गंगेचा. दोन्हीकडे उथळ समुद्र, जोराची भरती आणि मचूळ पाणी. एकाच प्रकारची दोन घरे, मधली वाट मात्र परकी.

एक सावधगिरी बाळगावी. हुगळीच्या मुखात कोइलियाच्या आणखीही जाती आहेत आणि बाजारात त्या सगळ्या आमुदी म्हणूनच विकल्या जातात. पोटावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी असतील आणि छातीच्या पराचे सुटे दोरे सहा भरले, तर ती आपली मांदेली. ठिपके नसतील तर तिची चुलत बहीण.

रेवदंड्याची लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल कोळुवा पुन्हा आणला आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे वाडग्यात सोडून भिंगाखाली पाहिला. नाकाड पुढे आणि जबडा डोळ्याच्या मागे, हे दोन्ही तंतोतंत दिसले. कुशीवरचा चंदेरी पट्टाही होता. दोरे अर्थातच नव्हते. एवढे बारकाईने पाहिल्यावर तळायला जरा जड गेले, पण तळले.

एक शेवटची शंका. डबाबंद अँकोव्ही येथे फार महाग मिळते. मीठ लावून मुरवलेली मांदेली तिच्या जागी चालेल का? आईला सांगून सुकी मांदेली मागवता येईल.

डोलकर, पालघर

ताई, सुकी मांदेली त्या कामाची नाही. डबाबंद मासा कित्येक महिने मिठात मुरवतात, त्यात मांस विरघळण्याइतके मऊ होते. आपण मांदेली उन्हात कडक वाळवतो. शिवाय तिच्या अंगावर मांस थोडे आणि बारीक काटे फार, ती मुरवली तर हाती काट्यांचा लगदा येईल. त्यापेक्षा कोळुवाच मिठात घालून पाहा, तो त्या माशाच्या अधिक जवळचा आहे.

सुकी मांदेली मागवलीत, तर डोकी मोडून कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा, ठेचलेली लसूण, कांदा आणि दोन आमसुले घालून वाफ काढा, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खा. मागवताना आईंना एवढेच सांगा की पावसाळ्याआधी वाळवलेली घ्यावी. दमट हवेत वाळलेली मांदेली कोचीच्या हवेत आठवडाभरही टिकणार नाही.