उत्तर: जुना इतिहास जोडण्यासाठी सगळे हॅश बदलावे लागत नाहीत

गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात जुन्या आवृत्त्या मागे जोडायच्या तर प्रत्येक कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे त्याच्या आशयावरून काढलेला ओळखक्रमांक, बदलतो, म्हणून जुना इतिहास सोडून द्यावा, असे या चर्चेत आधी म्हटले आहे. पहिला भाग रिबेसपुरता (कमिट नव्या पायावर पुन्हा रचण्यापुरता) खरा आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याच्या बिलिंग प्रोग्रामची रिपॉझिटरी (इतिहासासह कोडचा साठा) २०१७ पासूनची होती आणि त्याआधीची आठ वर्षे ‘बिल_फायनल_नवीन_२’ अशा नावांच्या झिप फायलींत पडून होती. त्या तारखेनुसार लावून मी एका स्वतंत्र, पूर्वज नसलेल्या शाखेत (कमिटच्या साखळीत) एकेक कमिट केली आणि ‘गिट रिप्लेस --ग्राफ्ट’ या आज्ञेने २०१७ च्या पहिल्या कमिटला त्या शाखेचे शेवटचे टोक पालक (आधीची कमिट) म्हणून दिले. एकही जुना हॅश बदलला नाही, आणि जकातीच्या हिशेबातील एक ओळ कधी आली हे ‘ब्लेम’मध्ये (प्रत्येक ओळ कोणत्या कमिटमध्ये आली हे दाखवणाऱ्या आज्ञेत) थेट २०११ पर्यंत दिसू लागले.

मात्र ही जोडणी साध्या पुश (बदल पाठवणे) किंवा क्लोनबरोबर (पूर्ण प्रत घेणे) जात नाही. ती जिथे नोंदली जाते ते ‘रेफ्स/रिप्लेस’ वेगळे पाठवावे आणि प्रत्येकाने ते वेगळे घ्यावे लागतात. तसेच लेखकाच्या तारखेबरोबर कमिटरची (कमिट नोंदवणाऱ्याची) तारीखही जुनीच द्यावी, कारण ‘--सिन्स’ची (अमुक तारखेनंतरच्या कमिट दाखवणारी) गाळणी कमिटरच्या तारखेवर चालते, माझ्याकडून ती पहिल्या वेळी राहिली आणि सगळी शाखा पुन्हा बांधावी लागली. लिनक्स कर्नलची (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची) गिट रिपॉझिटरीही एप्रिल २००५ मध्ये मागच्या इतिहासाशिवायच सुरू झाली, आणि तो हवा असणारे आजही तो अशाच रीतीने मागे जोडून घेतात.